शुक्रवारचा रिलीज

ही सृष्टी निर्माण करताना देवाने माझ्या थोरल्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर त्यांनी ती एका दमात सगळीकडे सोडू दिली नसती. "आधी फक्त अंबरनाथमध्ये सोडा," असं त्यांनी देवाला सांगितलं असतं, "आठवडाभर चालते का बघा, मग बदलापूर, मग उल्हासनगर. आणि काही बिघडलंच तर आदल्या दिवशीचं जग परत जागेवर ठेवता आलं पाहिजे." आणि थोडी कुरकुर करून का होईना, देवाने ते ऐकलं असतं अशी माझी खात्री आहे, कारण साडूंचं म्हणणं अर्धवट टाकून उठून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक तर ते बोलायला बसताना खुर्ची दारात टाकतात. दुसरं म्हणजे त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं, आणि धाकट्या साडूला ही गोष्ट किती जड जाते ते ज्याला थोरला साडू आहे त्यालाच कळेल.

त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात, आणि त्यात प्रेम किती आणि 'या माणसाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही' ही कीव किती, याचा हिशेब मी कधीच सोडून दिला आहे. भाऊ पूर्वी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडलेली होती. त्या वयात नोकरी गेलेले लोक पोळीभाजी केंद्र काढतात, नाहीतर जावयाच्या धंद्यात लक्ष घालतात. भाऊंनी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आठ महिन्यांनी ते प्रोग्रामर होऊन बाहेर आले. अधूनमधून जेवायला यायचे म्हणे, पण बोलायचे नाहीत. माझी मेव्हणी, म्हणजे आमची ताई, तेव्हा फोनवर माझ्या बायकोला सांगायची, "अगं, आज वरणात मीठ घालायला विसरले तरी एक अक्षर बोलले नाहीत. माणूस कामातून गेला." माणूस कामातून गेला नव्हता, कामात गेला होता, आणि तो आजतागायत तिथून पूर्णपणे परत आलेला नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणारे छोटे छोटे कारखाने आहेत. एका गाळ्यात कापड कापतात, दुसऱ्यात शिवतात, तिसऱ्यात बटणं आणि लेबलं लावतात, आणि कुठला लॉट कुठे अडकलाय हे कटिंग मास्टरच्या डोक्यात तरी असतं नाहीतर भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं. भाऊंनी या सगळ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. कापलेला प्रत्येक गठ्ठा कुठे आहे, कुठल्या मापाचा आहे, हे त्यात दिसतं. पहिल्यांदा तो घेतला हरेशशेठ नावाच्या एका सिंधी कारखानदाराने. भाऊंचं दीड तासाचं सांगणं ऐकून घेऊन त्याने एकच प्रश्न विचारला होता. "साईं, भिंत दर दिवाळीला रंगवतो, तो सगळं लिहिलेलं पुसून जातं. तुमचा प्रोग्राम रंगवावा लागत नाय ना?" भाऊ म्हणाले, "नाही लागत." शेठ म्हणाला, "तो बसवा." एकाचं बघून दुसऱ्याने घेतला, आणि बघता बघता त्या गल्ल्यांमधल्या बेचाळीस कारखान्यांत भाऊंचा प्रोग्राम बसला.

बसला खरा, पण प्रोग्रामचं एक दुखणं असतं, तो कधी पुरा होत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याची नवी आवृत्ती येते, आणि ती गिऱ्हाइकांकडे पोचवण्याला रिलीज म्हणतात. भाऊ सुरुवातीला हा रिलीज पायी करत. गळ्यात जानव्यासारखा पेन ड्राइव्ह अडकवायचा, शेअर रिक्षाने कॅम्प तीन गाठायचं आणि एकेका गाळ्यात शिरून नवी आवृत्ती घालायची. बेचाळीस गाळे म्हणजे बेचाळीस चहा. नाही म्हटलं तर शेठ लोक रागावतात आणि हो म्हटलं तर पोट. रिक्षातसुद्धा ते गप्प बसत नसत. पुढे ड्रायव्हरला चिकटून चौथ्या सीटवर अर्धे बाहेर लटकत ते शेजारच्या अनोळखी माणसाला नव्या आवृत्तीत काय काय आहे ते समजावून सांगायचे. एकदा मी बरोबर होतो. आम्ही उतरलो, मी पैसे दिले, आणि ड्रायव्हर गाडी पुढे न काढता म्हणाला, "काका, बाकी सब बरोबर, पण तो लास्टवाला पॉइंट नाय समजला." भाऊंचा चेहरा असा काही उजळला, की मागच्या तीन रिक्षांचे हॉर्न वाजत असताना त्यांनी त्याला तो शेवटचा मुद्दा पुन्हा सांगितला.

आणि याच पायी रिलीजने एकदा घात केला. एकेचाळीस गाळ्यांत नवी आवृत्ती गेली आणि बेचाळिसाव्याचा मालक कुलूप लावून जेवायला गेला होता. भाऊ म्हणाले, उद्या घालू. नव्या आवृत्तीत मापांची यादी लहानाकडून मोठ्याकडे केली होती, जुनीत ती मोठ्याकडून लहानाकडे होती, गाळ्यागाळ्यांत मापाऐवजी यादीतला क्रमांकच जायचा, आणि तो बेचाळिसावा गाळा नेमका लेबलं लावणारा होता. दुसऱ्या दिवशी भाऊ पोचेपर्यंत अठ्ठावीस कमरेच्या पँटींवर अडतीसची लेबलं शिवून झाली होती आणि अडतीसवर अठ्ठावीसची. गठ्ठेच्या गठ्ठे. हरेशशेठ एक शब्द बोलला नाही, तेच भाऊंना जास्त लागलं. दोन दिवस सगळी गल्ली लेबलं उसवत बसली होती. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना न्यायला गेलो, तर हा माजी शिफ्ट इन्चार्ज, पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर ढकलून कारागिरांच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि ब्लेडने एकेक टाका उसवत होता. "भाऊ, कारागीर करतील ना," मी म्हणालो. ते मान वर न करता म्हणाले, "चूक त्यांनी केलेली नाही." मी चपला काढल्या आणि शेजारी बसलो. त्या दिवसापासून मी या माणसाची थट्टा करतो, पण मनातून त्याला नमस्कार करूनच करतो.

त्यानंतर भाऊंनी शपथ घेतली की माणसाच्या पायांवर आणि मालकांच्या जेवणाच्या वेळांवर अवलंबून असलेला रिलीज पुन्हा करायचा नाही. त्यासाठी ते नव्यानव्या प्रोग्रामिंग भाषा शिकू लागले, आणि त्या भाषांमधल्या सोयी त्यांना इतक्या पटल्या की त्यांनी त्या घरी लागू केल्या. नव्या भाषांत म्हणे एखादी जागा रिकामी असू शकत असेल तर ते आधीच लिहून ठेवावं लागतं, म्हणजे ऐन वेळी हात घालून फजिती होत नाही. भाऊंनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेवर 'भरलेला असतोच'. रव्यावर 'रिकामा असू शकतो'. लाडवांच्या डब्यावर 'आहे असं गृहीत धरू नये'. दुसरी एक सोय अशी, की एकदा ठरलेली गोष्ट खोडायची नाही, बदल हवा तर नवी प्रत करायची. तेव्हापासून त्यांच्या वाणसामानाच्या यादीला आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि ताईच्या आमटीच्याही त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. 'या आवृत्तीत गूळ कमी. कोकमाचा प्रश्न सुटला आहे.' ताईने ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "मागची आवृत्ती फ्रीजमध्ये आहे, ती गरम करून घ्या." नोंदी त्या दिवशी थांबल्या.

पण त्यांची सगळ्यात आवडती सोय तिसरी होती. काही भाषा म्हणे अशा कडक असतात, की एखाद्या प्रसंगाच्या सगळ्या शक्यता लिहिल्याशिवाय त्या प्रोग्राम पुढे सरकूच देत नाहीत. असं झालं तर काय, तसं झालं तर काय, यातलं काहीच झालं नाही तर काय. एक जरी शक्यता राहिली तर मशीन ती दाखवून देतं. भाऊंना यात साक्षात न्याय दिसला. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या बैठकीत मुलाकडची मंडळी समोर बसलेली असताना त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "वीज गेली तर? हॉलवाल्याने दोघांना एकच तारीख दिली असली तर? गुरुजी आले नाहीत तर?" इथपर्यंत सगळे हसत होते. मग त्यांनी पान उलटलं. "मुलगाच आला नाही तर?" माझ्या बायकोने माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. साखरपुड्याला मुलगा आला, वीजही होती, गुरुजी मात्र आले नाहीत. मी घामाघूम झालो. भाऊ उठले, तिसऱ्या रांगेत सरबत पीत बसलेल्या एका पाहुण्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आणि तो पाहुणा पिशवीतून सोवळं काढत उभा राहिला. ते दुसरे गुरुजी होते. भाऊंनी त्यांना जेवायला म्हणून बोलावून ठेवलं होतं.

हे सगळं ज्ञान एका घरात मावणारं नव्हतंच. म्हणून भाऊंनी प्रोग्रामर लोकांचा एक मेळावा सुरू केला. मुंबई-पुण्याकडे असे मीटअप काचेच्या ऑफिसांत होतात. भाऊंचा अंबरनाथला एका वस्तीतल्या अभ्यासिकेच्या हॉलमध्ये व्हायचा, महिन्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी. शुक्रवारच का, तर आमच्याकडे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. मी स्वतः एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात आहे, त्यामुळे खुर्च्या मांडायला दर वेळी मोकळा सापडायचो. आता सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात म्हणे शुक्रवार सगळ्यात अशुभ. शुक्रवारी काही नवीन सोडायचं नाही, शनिवार-रविवारी बिघडलं तर बघायला कोणी नसतं. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या वक्त्याने तर तसं छापलेला टी-शर्टच घातला होता. भाऊंनी त्याला फार आदराने विचारलं, "तुमच्याकडे कटिंग मास्टरला सुट्टी कधी असते?" तो गोंधळला. भाऊ म्हणाले, "आमच्याकडे शुक्रवारी असते. गाळे बंद, शिलाई मशीन बंद, चालू फक्त कॉम्प्युटर, कोणाच्या हातात कात्री नाही. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?" पाहुण्याने तो मुद्दा वहीत लिहून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेळाव्याला पंधरा-वीस माणसं यायची. कारखान्यांतले दोन-तीन सुपरवायझर, कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर, आणि बाकी घरून काम करणारी तरुण मंडळी. यांचं ऑफिस शुक्रवारी चालू असायचं, त्यामुळे ती एका कानात भाऊ आणि दुसऱ्या कानात ऑफिसची मीटिंग लावून बसायची. मध्येच कोणीतरी मोठ्याने "येस, आय अ‍ॅग्री" म्हणायचं आणि भाऊंना वाटायचं आपल्यालाच म्हणतायत, की ते दुप्पट जोराने बोलू लागायचे. या मंडळींत प्रज्ञा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील माझ्याच कारखान्यात फिटर होते, आणि ती याच अभ्यासिकेत बसून शिकून ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत रिलीजचंच काम करणारी इंजिनिअर झाली होती. ती फार बोलायची नाही. भाऊ तिला थोडे वचकून असत, कारण ती प्रश्न विचारायची तेव्हा त्यांना खुर्चीत सरळ बसावं लागायचं.

या वर्षीच्या एका तपासणीत भाऊंच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि तारीख दिली, ती नेमकी शुक्रवारची. भाऊंनी विचारलं, "दुसरा एखादा वार नाही का? शुक्रवारी माझा रिलीज असतो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ताई म्हणाली की रिलीज पुढे ढकला, हरेशशेठ म्हणाला ढकला, मीही म्हणालो. पण सोमवारपासून शेठच्या सणाच्या मोठ्या ऑर्डरचं कटिंग सुरू व्हायचं होतं आणि तिच्यासाठी लागणारी नवी सोय याच आवृत्तीत होती. त्यापेक्षा खरं कारण मला ठाऊक होतं. आपण त्या दिवशी टेबलावर भूल घेऊन पडलेले असताना हा रिलीज नीट जातो का, हेच त्यांना बघायचं होतं. इतकी वर्षं त्यांनी ज्या आपोआप जाणाऱ्या रिलीजसाठी झिजून काम केलं तो खरंच उभा राहिलाय की नाही, याचा दुसरा कुठला पुरावा त्यांना चालणार नव्हता. बोलून मात्र ते एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, मी नसलो तरी ते चाललं पाहिजे." 'त्या दिवशी' हे शब्द त्यांनी गाळले होते आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी मेळावा होता. आजाराचं भाऊंनी तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या अर्ध्या भागात ते नव्या भाषांतल्या सोयींवर बोलले, रव्याच्या डब्यासकट. मग चहा-वडे झाले आणि ते म्हणाले, "आता खरा रिलीज दाखवतो. इथून, या हॉलमधून, कॅम्प तीनच्या बेचाळीस गाळ्यांत. माझा हात लागणार नाही." असं म्हणून त्यांनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि तरातरा चालत जाऊन शेवटच्या रांगेत, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. समोर, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये, भिंतीवर सगळं दिसत होतं. मशीन प्रोग्राम स्वतः तपासत होतं. मापं उलटी पडतात का, वीज मध्येच गेली तर काय होतं, कुणी अर्ध्यात बंद केला तर काय. एकेका तपासणीपुढे हिरवी खूण येत होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन दिवस जमिनीवर बसून उसवलेला एकेक टाका हा माणूस पुन्हा कोणाला उसवू देणार नाही, एवढं त्या हिरव्या खुणांवरून मला लख्ख कळत होतं. आणि मग सगळं थांबलं. दहा सेकंद, वीस सेकंद. मागे काहीतरी घूं घूं वाजलं, आणि भिंतीवरचं काम पुन्हा सुरू झालं. टाळ्या पडल्या.

प्रज्ञाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मागे वळून भाऊंकडे बघत होती.

"काका, तुमच्या खिशात काय वाजलं?"

"कुठे काय."

"वाजलं. तुम्ही फोन काढून काहीतरी दाबलंत, मग हे पुढे गेलं."

भाऊ जरा चुळबुळले. "शेवटची परवानगी माझ्याकडे येते. 'सोडू का?' असं विचारतं. मी हो म्हणतो. एवढंच."

"मग हे ऑटोमॅटिक कसं झालं?" प्रज्ञा म्हणाली. "हे तर तुम्हीच आहात ना, फक्त मागच्या रांगेत बसून."

सगळे हसले, भाऊही हसले. पण ती हसली नाही. "आणि तुम्ही फोन उचलला नाहीत तर?"

"मी उचलतो."

"नाही उचलला तर? काका, तुम्हीच आम्हाला सांगता, एकही शक्यता सोडायची नाही. ही तुम्ही लिहिलीच नाहीये."

दुसऱ्याच्या साखरपुड्याला मुलगा न येण्याची शक्यता वहीत मांडणाऱ्या या माणसाने स्वतः नसण्याची शक्यता कुठेच लिहिली नव्हती. मी हातातली चहाची किटली खाली ठेवली. त्या हॉलमध्ये तारीख माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा कोणी नव्हता, आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. भाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग दहा मिनिटांची सुट्टी जाहीर करावी तशा आवाजात ते म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या रिलीजला मी ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. बायपास." ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलेल्यांनीसुद्धा कानातून बोंडं काढली. "काका, मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर विचारलं नसतंस," भाऊ म्हणाले, "म्हणून माहीत नव्हतं तेच बरं."

ते उठून पुढे आले, लॅपटॉपसमोर बसले आणि ती परवानगीची जागा त्यांनी उघडली. चारच ओळी होत्या. "ही काढली तर शेवटी बघणार कोण?" त्यांनी विचारलं, आणि या माणसाने खरंखुरं उत्तर माहीत नसताना विचारलेला हा पहिलाच प्रश्न मी ऐकत होतो. प्रज्ञा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मशीन बघेल. आधी एकाच गाळ्यात जाईल, मग पाच, मग सगळीकडे. चुकलं तर आपोआप मागची आवृत्ती परत येईल."

"आणि तेही चुकलं तर?"

"तर आम्ही आहोत की, काका."

भाऊंनी त्या चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि पुसल्या. मग त्या जागी प्रज्ञाने सांगितलेले टप्पे घालून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सोडलं. या वेळी फोन त्यांनी माझ्या हातात दिला, आणि तो वाजला नाही. भिंतीवर आधी एक चौकोन हिरवा झाला, तो हरेशशेठचा गाळा. मग पाच. मग सुट्टीच्या दिवशी कुलूप लावून बंद असलेल्या त्या सगळ्या गल्ल्या, जिथे भाऊ एकेका दारात चहा पीत फिरले होते, एकेक करून हिरव्या होत गेल्या. मी आयुष्यभर हजेरीपट सांभाळले, माणूस आला की नाही एवढंच मला बघता येतं. पण माणूस तिथे गेला नसतानाही त्याचं काम पोचतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. शेवटचा चौकोन हिरवा झाला तेव्हा कॉम्प्युटर क्लासवाल्या सरांनी उठून भाऊंना नमस्कार केला, आणि भाऊंनी घाईघाईने विषय बदलून राहिलेल्या वड्यांची चौकशी सुरू केली.

ऑपरेशनच्या दिवशी एक वाजता त्यांना आत नेलं. स्ट्रेचरवरून जाता जाता त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं ताईबद्दल काही सांगतील, घराचं काही सांगतील. ते म्हणाले, "तीन वाजता रिलीज आहे. तुम्ही बघायचं नाही. कोणी बघत बसलं तर ते ऑटोमॅटिक राहत नाही." मी हो म्हणालो आणि मग दार लागलं. बाहेरच्या बाकावर मी आणि ताई बसून होतो. ज्या बाईने त्यांच्या त्या आमटीच्या नोंदी एका वाक्यात बंद पाडल्या होत्या, तिने तीन वाजून पाच मिनिटांनी पदराने डोळे पुसले आणि मला विचारलं, "सुटलं असेल ना हो आता?" मी म्हणालो, "सुटलं असेल." आत काय चाललंय हे विचारायचं आम्हा दोघांनाही धैर्य नव्हतं, म्हणून आम्ही कॅम्प तीनबद्दल बोलत राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कारखाने उघडून चार तास झाल्यावर मला पाच मिनिटं आत सोडलं. भाऊ नळ्यांमध्ये पडले होते, एरवीपेक्षा निम्मे दिसत होते. त्यांनी डोळे उघडले आणि ओठ हलवले.

"गेलं?"

"गेलं."

"थांबलं कुठे?"

"एका गाळ्यात थांबलं होतं. आपोआप मागे गेलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन बसलं. प्रज्ञाने कळवलंय. कोणालाही हात लावावा लागला नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "फोन?"

"खूप आले. हरेशशेठचे तर सकाळपासून तीन. सगळे तुमची तब्येत विचारतायत."

"प्रोग्रामचं काही?"

"नाही."

"काहीतरी अडलं असेल कोणाचं. मापाचं, छापायचं."

"नाही, भाऊ. प्रोग्रामसाठी एकाचाही फोन नाही."

"छान," ते म्हणाले. "छान झालं." आणि सुया टोचलेल्या हाताची बोटं चादरीवर जराशी हलली. नर्सने वेळ संपल्याची खूण केली. मी निघालो तेव्हा त्यांनी मान दाराकडे वळवली आणि पुन्हा विचारलं, "एकाचाही नाही?" मी मान हलवली. इतकी वर्षं हा माणूस चुकावा म्हणून मी टपून बसलो होतो, तो फारसा चुकला नाही म्हणून मनातून जळत होतो. आणि त्या दारात उभं राहून मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, की कॅम्प तीनमध्ये कुठेतरी, कोणाचं तरी, अगदी थोडंसं, अडायला हवं होतं.